चार्जिंगला बसलेली बाई

आठ वर्षांत राजेश्री एसटीत चढली नव्हती. धाकट्याच्या बाळंतपणानंतर लघवी तिच्या ताब्यात राहिली नाही. गाडी खड्ड्यात आपटली की साडी ओली. गेल्या वर्षी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी कमरेखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून लहान यंत्र बसवलं. ते नसेला दटावायचं, "थांब जरा." आठवड्यातून एकदा त्याला चार्ज करायचं. गोल चकती पट्ट्यानं बरोबर त्या जागेवर बांधायची, तासभर. सुई नाही, वायर नाही. वीज कातडीतून आत जाते.

अडचण विजेची नव्हती, तासाची होती. बोरी गावातल्या त्या घरात दिवसाढवळ्या तासभर बसलेली सून कुणी बघितली नव्हती. म्हणून ती परकर, साडी, खोचलेला पदर, सगळ्यांवरून पट्टा आवळून भाकरी थापायची. वाकली की चकती सरकायची अन् टीं टीं करायची. सासू कमलबाई म्हणायची, "फोन उचल की गं."

आत वीज धड पोचायचीच नाही. गेल्या गुरुवारी पुतण्याच्या हळदीत, साऱ्या बायांसमोर, यंत्र बंद पडलं.

उद्या एसटीनं पूर्णेला जायचं होतं. तिथं तिची लेक बबिता बाळंत झाली होती.

आज राजेश्रीनं पट्टा उघड्या कातडीला बांधला अन् भर दुपारी ओसरीत खुर्ची टाकून बसली. नेमके सोनपेठचे पाहुणे टपकले, तात्याराव आणि सुमनबाई.

"राजेश्री, चहा टाक," कमलबाई म्हणाली.

"आज न्हाई, आत्याबाई. अजून पंधरा मिनिटं हायेत."

"पाव्हण्यासमोर बसून ऱ्हातीस? काय झालंय तुला?"

"लघवी ऱ्हात न्हाई माझी. त्याचं मशीन चार्ज करायलेय."

तात्यारावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"लाज हाय का न्हाई?" कमलबाई कडाडली.

"होती की. आठ वर्सं रोज धुऊन वाळत घातली. पार विटून गेली."

दारात नवरा, भागवत, खांबासारखा उभा होता. "अवो," ती म्हणाली, "पत्ती वरच्या फळीवर हाय."

तो आत गेला. भांडी आपटली. "साखर कुठाय?"

"डब्यावर लिवलंय."

चहा आला, काळाकुट्ट. तेवढ्यात मशीन वाजलं.

"झालं ना?" सुमनबाई म्हणाली. "ऊठ आता."

"झालं." राजेश्रीनं पट्टा सैल केला आणि खुर्चीत मागं रेलली. "अवो, मला अजून अर्धा कप. अन् उद्या सातच्या गाडीत खिडकी धरा माझ्यासाठी."