वेगळी वाटी

आचाऱ्याने निळ्या बादलीचे झाकण उघडले आणि श्वास रोखून तोंड बाजूला वळवले. तरीही वास पोहोचलाच. तो सडल्याचा वास नव्हता. सडका वास निदान प्रामाणिक असतो. हा वास अर्धवट होता. थंड झालेले लोणी, दुधात भिजून फुगलेला पाव, आणि त्या सर्वांच्या तळाशी माणसाच्या तोंडातला आंबूस ओलावा. सोमवार, मंगळवार आणि बुधवार या तीन दिवसांत बत्तीस ताटांतून परत आलेले उकडलेले बटाटे त्या बादलीत एकमेकांना चिकटून बसले होते. काहींवर काट्याच्या रेघा उमटलेल्या होत्या. काहींवर दातांच्या.

त्याने बाही कोपराच्या वर सारली आणि हात आत घातला. हातमोजा असूनही त्या लगद्याचा गिळगिळीत गारवा बोटांच्या पेरांपर्यंत गेला व अंगावर सर्रकन काटा आला. वृद्धाश्रमाच्या या स्वयंपाकघरात त्याची अकरा वर्षे सरली होती आणि दर गुरुवारी, नेमक्या याच क्षणी, हाच काटा येत असे. हाताला सवय झाली होती. पोटाला झाली नव्हती.

गुरुवारी दुपारी बेक्ड डिश करायची, हा तेथील अलिखित नियम होता. मूठमूठ काढून बटाटे चाळणीत टाकायचे, वरून कढत पाणी सोडायचे, मग कुस्करून त्यात दूध, मिरपूड आणि लसणाची भरपूर पावडर घालायची. लसूण चवीसाठी नव्हती, वास दडपण्यासाठी होती. हा लगदा मोठ्या ट्रेमध्ये थापला की त्यावर किसलेल्या चीजची जाड गादी पसरायची, कारण चीजखाली काय काय दडते हे कोणालाही दिसत नाही. सर्वांत वर कुरकुरीत थर. तो न्याहारीला उरलेल्या टोस्टचा असे. ज्या कोपऱ्यांना कोणीतरी चोखून सोडून दिलेले असायचे ते कोपरे ओव्हनच्या पाठीवर वाळून काचेसारखे कडक होत, आणि बाटलीखाली चुरडताना त्यांचाच आवाज सर्वांत खमंग येत असे.

चाळणीत पाणी सोडताना त्याला गुलाबी डाग दिसला. त्याने पाणी बंद केले.

हेही नवे नव्हते. काही म्हातारी माणसे नको असलेली गोळी जिभेखाली धरीत आणि परिचारिकेची पाठ वळताच ती बटाट्यात खुपसून देत. बटाटा बादलीत येई, बादली चाळणीत, आणि आचारी चमच्याच्या टोकाने गोळ्या वेचून काढी. आज दोन अख्ख्या गोळ्या निघाल्या व एक अर्धी. तिची कड विरघळून चिकट झाली होती. उरलेल्या अर्ध्या गोळीसाठी त्याने तो सगळा लगदा बोटांनी चिवडला. पुन्हा पुन्हा चिवडला. कोणाच्या तरी दाताखालचा, कोणाच्या तरी ओठांवरचा तो चिखल चिवडताना त्याला दोनदा हात थांबवावा लागला. अर्धी गोळी सापडली नाही.

"अजून ट्रे आत गेला नाही?"

व्यवस्थापिका दारात उभी होती. तिने रुमाल नाकाशी धरला होता.

"मॅडम, हे बघा. औषधाची गोळी. अर्धीच मिळाली."

तिने लांबूनच पाहिले. "अर्धी मिळाली ना? मग अर्धं काम झालं की."

"पण दुसरी अर्धी कुणाच्या तरी पोटात जाईल. कसली गोळी, कुणाची गोळी..."

"दोनशे डिग्रीत काय उरतंय? ओव्हनमध्ये जाऊन आलं की सगळं शुद्ध. आणि खाणारे बोटं चाटून खातात, तुम्हीच कशाला नाकं मुरडताय?" एवढे बोलून ती जायला वळली, आणि मग जणू सहज आठवल्यासारखे तिने विचारले, "ताई रुळल्या का तुमच्या?"

"रुळतेय हळूहळू."

"यादीत चाळीस जण वर होते त्यांच्या. मी तुमच्याकडे बघून त्यांना जागा दिली. तेवढं असू द्या लक्षात."

"आहे, मॅडम."

ती गेल्यावरही तिच्या अत्तराचा वास लसणाच्या वासात मिसळून तसाच राहिला.

ताई रविवारी संध्याकाळी आली होती. आचारी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून या बहिणीने शिवणयंत्रापुढे बसून त्याला वाढवले. तेच यंत्र चालवून चालवून तिच्या गुडघ्यांची वाट लागली. आचाऱ्याचे घर तिसऱ्या मजल्यावर होते, जिन्याला छप्पन्न पायऱ्या होत्या, आणि शेवटच्या वर्षी ती त्या पायऱ्या बसून बसून उतरत असे. वृद्धाश्रमात जागा मिळाली तेव्हा ती म्हणाली होती, "चल, तुझ्या हातचं रोज गरम गरम खायला मिळेल." त्या वेळी त्याने मान डोलावली होती. गुरुवार त्याच्या मनात नंतर आला.

म्हणूनच आज तो घरून एक लहानसे पुडके घेऊन आला होता. दोन बटाटे, चीजचा तुकडा, दोन ताजे पाव. ट्रे ओव्हनमध्ये सरकवल्यावर त्याने हातमोजे टाकून दिले आणि साबणाने हात धुतले. वास घेतला. पुन्हा धुतले. भांडी घासायच्या ब्रशने नखे इतकी घासली की ती लालबुंद झाली. मग त्याने ते दोन बटाटे कागदासारखे पातळ चिरून काचेच्या वाटीत एकावर एक रचले, मध्ये मध्ये साय सोडली, वर चीज किसले आणि लोण्यात परतलेला पावाचा चुरा पसरला. अकरा वर्षांत त्या ओट्यावर त्याने इतक्या मायेने काही केले नव्हते. तरीही वाटीवर वाकताना त्याला आपल्याच बोटांचा संशय येत होता.

भोजनगृहाचे दार उघडून त्याने ट्रॉली आत ढकलली, तेव्हा सर्वत्र चमचे वाजू लागले. ट्रेवरचे चीज अजून बुडबुडत होते. त्याचा सोनेरी, खरपूस वास सर्व दालनभर पसरला.

"आला रे आला, गुरुवार आला!" चित्रकलेचे निवृत्त मास्तर गळ्यात रुमाल बांधून तयारच होते. "आचारीबुवा, आज कोपरा माझा. गेल्या खेपेला लायब्ररीवाल्या बाईंना दिलात. हा पक्षपात चालणार नाही."

"मला वरचं कडक नको हो," त्यांच्या शेजारची बोळकी आजी म्हणाली. तिच्या हनुवटीवर आधीच लाळेची एक तार लोंबत होती. "खालचं मऊ द्या मला. आणि जरा जास्त द्या."

ताई त्याच टेबलापाशी बसली होती. आचाऱ्याने अन्य कोणाला वाढण्यापूर्वी ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून काचेची वाटी काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"तुझं. मीठ कमी घातलंय."

"मला कुणी सांगितलं मीठ कमी खायला?"

"वयाला बरं असतं."

"अहो वा!" मास्तर टाळी वाजवून म्हणाले. "सख्ख्या बहिणीला वेगळी वाटी. आम्ही काय सावत्र?"

सगळे टेबल हसले. ताई हसली नाही. तिने चमच्याने वरचा थर हलकेच फोडला. ताज्या सायीची वाफ वर आली. तिने एकदा वाटीकडे पाहिले, एकदा ट्रेकडे, आणि मग बराच वेळ धाकट्या भावाच्या हातांकडे. वाटीने केलेली चुगली आचाऱ्याच्या ध्यानात आली, पण फार उशिरा. वाटी दिली नसती तर तिला काहीच कळले नसते.

"धाकट्या," ती म्हणाली, "मला त्यातलं वाढ."

"ते... ते संपलं."

भरलेला ट्रे त्या दोघांच्या मध्ये फसफसत होता. मास्तरांना हा फार मोठा विनोद वाटला.

"बरं, संपलं तर संपलं." ताईने चमचा खाली ठेवला. "मग सगळ्यांनाच संपलं म्हण."

तो तिच्या कानाशी वाकला. "ताई, तुला माहीत नाही. तुझी इथली जागा यावरच..."

"मी जागेचं विचारलं का तुला? माझं सामान एका पिशवीत मावतं. तू बोलतोस, का मी बोलू?"

व्यवस्थापिका दाराशी येऊन उभी राहिली होती आणि मनगटावरचे घड्याळ पाहत होती. आचाऱ्याने वाढायचा डाव उचलला. चीजचा एक लांब धागा डावाबरोबर वर आला, ताणला, आणि तुटून त्याच्या मनगटावर पडला. तो कोमट होता. जिवंत असल्यासारखा चिकटला. आचाऱ्याने डाव ट्रेमध्ये टाकून दिला, मनगट एप्रनला खसाखसा पुसले आणि ट्रेवर झाकण ठेवले.

"आज हे वाढणार नाही," तो म्हणाला. आवाज त्याला वाटले त्यापेक्षा मोठा निघाला. "हे खाण्यासारखं नाही. कधीच नव्हतं. ताजे बटाटे उकडतो. तासभर लागेल."

चमचे वाजायचे थांबले. झाकणाखाली चीजचे बुडबुडे फुटल्याचा आवाज ऐकू येत होता.

"तासभर?" मास्तरांनी गळ्यातला रुमाल सैल केला. "थांबतो की. आम्हाला कुठं जायचंय?"

बोळक्या आजीचे डोळे मात्र पाण्याने भरले होते. भुकेने की अपमानाने, ते तिलाच ठाऊक. ताईने काचेची वाटी तिच्याकडे सरकवली. आजीने चमचा भरून तोंडात घातला, हिरड्यांवर घोळवला, डोळे मिटले, गिळला. सगळे टेबल तिच्याकडे पाहत होते.

"चांगलंय," ती म्हणाली. मग जीभ टाळ्याला लावून तिने पुन्हा चव पाहिली. "पण नेहमीची ती चव नाही हो याला."

 आचाऱ्याने ट्रॉली वळवली आणि दाराकडे ढकलू लागला. दारात व्यवस्थापिका होती. ती बाजूला सरली नाही.