कठड्यातलं दार

“पण पाण्याला हात कुठून लावायचा?”

प्रश्न टिटवीने विचारला आणि जुन्या गोदामात भरलेली अख्खी सभा मागे वळून बघायला लागली. टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. नववीपर्यंत ती वर्गात असून नसल्यासारखी होती. हजेरीसुद्धा पुटपुटून द्यायची. दहावीत कसं कोण जाणे, तिला एकदम कंठ फुटला, आणि असा फुटला की मैत्रिणींनी आठवड्याच्या आत बारसं उरकून टाकलं. त्याच दोघी, वर्गात सगळ्यात उंच असलेली शिडी आणि चष्मीस, आत्ता तिच्या दोन्ही बाजूंना मान खाली घालून हसू दाबत होत्या. पैज त्यांचीच होती. प्रश्न विचारला नाही, तर आठवडाभर दोघींची दप्तरं वाहायची.

समोर पडद्यावर बंदराचा नवा नकाशा होता. बंदर बंद पडून तीस वर्षं झाली होती. तेव्हापासून गोदामांच्या मागे एक उंच भिंत उभी होती आणि भिंतीपलीकडे नदी आहे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं पण आठवत कुणाला नव्हतं. आता भिंत पाडली होती. गोदामांत वाचनालय येणार होतं, धक्क्यावर बाकं, दिवे, झाडं, सगळं येणार होतं. आणि धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छातीइतक्या उंचीचा लोखंडी कठडा, एकाही फटीशिवाय.

नगराध्यक्षांनी हसून सांगितलं, की बाळ, पाणी बघायचं असतं. लोक हसले. पण नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरबाई हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत राहिल्या, कुणीतरी शर्टाचं बटण उलटं लागल्याचं सांगावं तसा चेहरा करून.

हसले नाहीत असे आणखी एक होते. टिटवीचे बाबा. कारण तो कठडा बाबांचा होता. गावात वेल्डिंगचं दुकान त्यांचं एकट्याचं नव्हतं, पण हे काम त्यांना मिळालं होतं, आणि जोड कुठे आहे हे बोट फिरवूनही कळू नये, असा तो कठडा त्यांनी तीन महिने खपून बनवला होता; धक्क्यावर बसवायचा तेवढा बाकी होता. घरी आल्यावर आईला म्हणाले, “तुझ्या लेकीने भर सभेत माझ्या कठड्याला भोक पाडलं.”

आई शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, की चांगलं काही केलं की ती तुमची लेक असते.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरबाईंनी टिटवीला धक्क्यावर बोलावलं. प्रश्न बरोबर होता, त्या म्हणाल्या. खाली उतरायला पायऱ्या हव्यात. पण शेवटची पायरी कुठे संपवायची? समुद्राची भरती नदीतून इथवर येते. पाणी किती चढतं, किती उतरतं, याची शेवटची नोंद बंदर चालू होतं तेव्हाची, आणि ती वही उंदरांनी खाल्ली. मोजायचं यंत्र येईपर्यंत नकाशावर सही होऊन जाईल. वीस दिवस हातात होते. कुणीतरी शाळेच्या आधी आणि शाळेनंतर पाणी मोजून द्यायला हवं होतं. मोजमाप मिळालं नाही तर पायऱ्या नाहीत, आणि मग कठडा आहे तसाच राहील, कायमचा.

टिटवीने हो म्हणायला बाईंचं वाक्य संपू दिलं नाही.

त्याच संध्याकाळी ती बाबांकडून पांढरा रंग आणि आईकडून टेप घेऊन निघाली. धक्क्याच्या भिंतीवर मात्र शेवाळाचा असा थर होता की रंग लावला की ओघळलाच. पण भिंतीपासून हातभर अंतरावर जुना मालवाहू बार्ज, सपाट बुडाचं मोठं लोखंडी जहाज, उभा होता. बंदर बंद झालं तेव्हा तो सैल साखळ्यांना बांधलेला तिथेच राहून गेला. त्याच्यावर झुडपं उगवली होती, बगळ्यांनी घरटी केली होती. तो गाळात रुतून बसलाय, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्याचं लोखंड वरून कसं कोरडं खडखडीत. शिडीने टिटवीचे पाय धरले, चष्मीसने रंगाचा डबा, आणि टिटवीने धक्क्यावर पालथं पडून बार्जच्या कुशीवर वीतभर अंतराने आकडे रंगवले. वरच्या काठापासून पाण्यापर्यंत, एक ते सात; पुढचे पाणी उतरल्यावर रंगवायचे होते. बघणाऱ्याला वाटावं, बार्जची शाळेत उंची मोजतायत.

रोज सकाळ-संध्याकाळ ती पालथी पडून आकडा वाचायची आणि गोदामाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायची. आज सकाळी पाणी: सात. आज संध्याकाळी पाणी: सात. कधी जरा जास्त वाकावं लागायचं, कधी सहज दिसायचं. टिटवीला वाटायचं, व्यायाम अंगी लागतोय.

अकरा दिवस सात. गावाला करमणूक मिळाली. वेल्डिंगच्या दुकानात येणारे लोक बाबांना विचारायला लागले, की लेकीने नदीला ‘स्टॅच्यू’ म्हटलंय का. इंजिनिअरबाई फोनवर नुसतं “हं” म्हणायच्या, आणि ते “हं” दर दिवशी लांबत चाललं होतं. टिटवीचा आवाज मात्र तसाच खणखणीत. नदी आमच्या गावात आली की शिस्तीत वागते, असं ती शाळेत सांगत सुटली.

अकराव्या संध्याकाळी आई ड्रेस शिवून घ्यायला आलेल्या एका ताईंचं माप घेत होती. टिटवी बाजूला बसून वही भरत होती. ताई कमरेला टेप लागली की पोट आत ओढायच्या आणि आई शांतपणे म्हणायची, श्वास सोडा. ताई गेल्यावर आईने सहज विचारलं, तू माप कशावर घेतेस.

टिटवीने सांगितलं. बार्जवर.

“मग बार्जला श्वास सोडायला सांगितलंस का?” आई म्हणाली. “माप हलणाऱ्या अंगावर घेतलं की ते आपल्याला हवं तेवढंच भरतं. तो जागचा हलत नाही, हे तू कधी बघितलंस?”

टिटवी वही तिथेच टाकून धावली. बाबांनी दुकानातून तिला जाताना पाहिलं आणि हातातलं काम ठेवून मागोमाग निघाले. ती धक्क्यावर पालथी पडली, खडूने बार्जच्या काठाजवळ भिंतीच्या कोरड्या दगडावर रेघ मारली आणि वाट बघत राहिली. बाबाही गुडघ्यांवर बसले. अर्ध्या तासात बार्ज रेघेच्या चार बोटं वर आला होता, झुडपांसकट, घरट्यांसकट, तिच्या सात आकड्यांसकट. बाबांनी हात लांब करून त्याला रेटून बघितलं. एवढं मोठं धूड, आणि ते मुकाट्याने दूर सरकलं.

“तरंगतोय गं हा,” बाबा हळूच म्हणाले.

टिटवीचा चेहरा मात्र उतरला. म्हणजे अकरा दिवस पाणी चढत होतं, बार्ज चढत होता, आकडे चढत होते, आणि आपण सात, सात लिहीत होतो. नऊ दिवस उरले होते. फळा गावाच्या नाकासमोर होता. गुपचूप पुसून टाकावं, असं तिला वाटलं नाही असं नाही. खडू तिने दोनदा खाली ठेवला. मग ओल्या फडक्याने फळा स्वच्छ केला आणि ठळक अक्षरात लिहिलं: आजवरची सगळी मापं चूक. चूक माझी. बार्ज रुतलेला नाही, तरंगतोय. बघून जा.

गाव बघायला लोटलं. तीस वर्षं सगळ्यांनी ठामपणे सांगितलेली गोष्ट खोटी निघाली होती, त्यामुळे टिटवीला हसायला कुणी मोकळंच नव्हतं. प्रत्येक जण धक्क्याच्या काठावर बसून बार्जला ढकलून बघत होता आणि आपल्याला आधीच शंका होती म्हणत होता. इंजिनिअरबाई धापा टाकत आल्या. त्यांनी सरळ बार्जवर उडी मारली, झुडपांतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, टाचेने लोखंड ठोकलं, बगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि उभ्या राहिल्या त्या कंबरेवर हात ठेवून.

“पायऱ्या विसरा,” त्या म्हणाल्या. “पायऱ्यांना शेवाळ धरेल, ओहोटीला त्या गाळात उघड्या पडतील. हा पाण्याबरोबर चढतो, पाण्याबरोबर उतरतो. याच्या काठावर बसलं की पाणी नेहमी तेवढ्याच अंतरावर. तुझे सात, टिटवी, म्हणजे काठापासून पाण्यापर्यंत कायम सात वीत. म्हणजे हात पोचायला काठाचा एक भाग कापून खाली घ्यावा लागेल, एवढंच.”

बाकी होता तो पूल. धक्क्यावरून बार्जवर उतरायला, एका बाजूला बिजागरीवर, दुसऱ्या बाजूला चाकांवर. पाणी उतरलं की तिरका होणारा, चढलं की आडवा. तो किती लांब हवा, यासाठी मात्र खरं माप लागणार होतं. ते टिटवीने उरलेल्या नऊ दिवसांत घेतलं, धक्क्याच्या दगडावरून वजन बांधलेली दोरी सोडून. पहिल्या दिवशी तिने दगडालाही ढकलून बघितलं. सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं पाणी यांत शिडी बुडेल एवढं अंतर निघालं. शिडीलाच दोरीशेजारी उभं करून मैत्रिणींनी ते दोनदा पडताळलं.

पूल बनवला बाबांनी. आणि कठड्याला दारही त्यांनीच पाडलं. कापायच्या सकाळी ते बराच वेळ बसवलेल्या कठड्यावरून हात फिरवत उभे होते. नगराध्यक्ष म्हणाले, की दुसऱ्या कुणाला तरी कापू द्या हवं तर. बाबांनी तोंडावर काच ओढली आणि ठिणग्यांचा पाऊस पाडला. कापलेल्या तुकड्यालाच बिजागऱ्या लावून त्यांनी दार केलं. ते बंद असताना कुठून कापलं, हे बोट फिरवूनही कळत नव्हतं. हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बोट फिरवायला लावून दाखवलं.

बार्ज खुला झाला त्या रविवारी सकाळी पाणी चढतीला होतं. झुडपांची एक रांग बगळ्यांसाठी ठेवली होती. कापून खाली घेतलेल्या काठावर माणसं ओळीने पाय सोडून बसली होती. पाय पाण्यात, पण त्यापुढे कुणी जाईना. तीस वर्षं भिंतीआड काढलेल्या गावात पोहता येणारं माणूस औषधाला नव्हतं. इंजिनिअरबाईंनी एकटीने सूर मारला, पलीकडून फेरी मारून आल्या, तेव्हा लोकांनी त्यांना सर्कस बघावी तसं बघितलं.

टिटवी आईबाबांच्या मधे बसली होती. आईने साडी गुडघ्यांपर्यंत घेतली होती आणि ती पायाची बोटं पाण्यात हलवत होती. रोज आगीशी खेळणारे बाबा मात्र दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून होते, पाण्याने ओढून नेऊ नये म्हणून. टिटवीने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं आणि घसा साफ केला.

“उद्यापासून मी पोहायला शिकणार आहे,” ती म्हणाली. “बाई इथेच वर्ग घेणार आहेत, दोर बांधून, सकाळी सहाला. तिघांची नावं मी दिली आहेत.”