छपराखालच्या तीन पाळ्या

चिंचखेडीच्या वेशीवरचं ते घर मनकर्णाबाईनं घेतलं तेव्हा त्यात एक घोरपड राहत होती, आणि तीसुद्धा पुढची खोली सोडून मागं राहायला गेली होती. पुढच्या खोलीतून आभाळ दिसायचं. मालगुजाराचे लोक संत्र्याच्या बगीच्यात हवा खायला येत, त्या काळचं घर. बगीचा वाळला, मालगुजाराचा नातू नागपुरात धंतोलीला राहायला गेला. कापडगिरणीत तीस वर्षं सूत गुंडाळून रिटायर झालेली एक बाई घर विकत मागायला आली, तेव्हा त्यानं चहा थंड व्हायच्या आत कागद करून दिला. त्याला वाटलं, बाईला ऊन लागलं असावं.

बाईला ऊन लागलं नव्हतं. लहानपणी ती ह्याच घराच्या कुंपणाबाहेर मायसोबत गवताचा भारा घेऊन उभी राहायची. भारा आत जायचा, त्या दोघी बाहेर. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा मनकर्णाबाईनं मनातल्या पुष्कळ गोष्टी उचलून फेकून दिल्या. ते कुंपण तेवढं जागचं हललं नाही. आता तिला त्याच्या आत राहायचं होतं. उरलेल्या आयुष्यात बाकी काही झालं नाही तरी चालेल, पण म्हातारपण ह्या घरात काढायचं.

सरपंच चंपतरावाला हे रुचलं नाही. चंपतरावाच्या मिशा एवढ्या की चिमण्या त्यावर बसत, आणि त्याच्या परवानगीशिवाय उडत नसत. त्यानं भांडण केलं नाही. गावातल्या सुताराला, गवंड्याला, कवेलू, म्हणजे कौलं, शाकारणाऱ्याला फक्त एवढंच सांगितलं, की त्या घराला हात लावायचा नाही.

"मले तर यायचंच होतं वं बाई," रुपराव सुतार मान खाली घालून म्हणाला, "पन मले ह्याच गावात राहाचं आहे ना."

"मले बी ह्याच गावात राहाचं आहे," मनकर्णाबाई म्हणाली. "तू राहू दे. माह्ये लोक येतीन."

दुसऱ्या दिवशी ती एस.टी.नं नागपूरला गेली आणि पाळी सुटायच्या वेळेस गिरणीच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिली. लोंढा बाहेर पडला तशी ओरडली, "माह्या घरावर छप्पर नाई! रविवारी कोन येतं?"

रविवारी एस.टी.तून बावीस जण उतरले. पुढं विणाई खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, आनंदराव, मागं मनकर्णाबाईच्या शेजारी पंचवीस वर्षं उभी राहून काम केलेली इंदूबाई, तिच्या डोक्यावर भाकरींचं टोपलं. घर बांधायची अक्कल बाविसातून एकालाही नव्हती. जन्मभर त्यांनी कापड काढलं होतं.

म्हणून झालं काय, की छपराचे उतरते लाकडी फाटे बसवून झाल्यावर आडव्या कमच्या टाकायची वेळ आली. सुतार कमची वरून ठेवतो आणि दोरीनं बांधतो. ह्या लोकांना ते पटेना. आनंदराव म्हणाला, "नुसतं वरून ठेवून कोन्तं कापड टिकते?" आणि त्यांनी एका फाट्यावरून, दुसऱ्याखालून, तिसऱ्यावरून असं करत करत अख्खं छप्पर विणून काढलं. ओल्या बांबूच्या कमच्या, तीन रविवार, आणि कुठं विणीचं एक घर चुकलं की आनंदराव खालून ओरडायचा, "धागा सुटला! उसवा!" की पुन्हा उसवायचं.

रुपराव रस्त्यावरून जाता जाता थांबला आणि पोट धरून हसला. "छप्पर बांधून राहिले का धोतर विनून राहिले गा?"

"धोतर!" आनंदराव वरून म्हणाला. "कोनाचं उघडं पडलं असंन तं झाकाले येईन."

चौथ्या रविवारी कवेलू चढली. शेवटचं कवेलू बसतंय तोच चंपतराव आला. सोबत फीत घेतलेला ओव्हरसियर, कुदळी घेतलेले तीन गडी आणि एक कागद. रस्त्याकडची भिंत चार हात सरकारी रस्त्यात होती. साठ वर्षं तशीच होती, पण मोजली आज. भिंत सांजेपर्यंत हटली पाहिजे, असं कागदात लिहिलं होतं.

"भिंत गेली की छप्पर येते खाली," चंपतराव गोड आवाजात म्हणाला. "पडक्या घरात मानूस राहू देता येत नाई बाई. कायदा आहे. मंग पंचायत घर ताब्यात घेईन. मी तरी काय करू?"

मनकर्णाबाईनं कागद हातात घेतला. तीस वर्षं सुताच्या गुंतागुंती सोडवलेली बाई; तिनं शेवटपर्यंत वाचला.

"साहेब, ह्याच्यात भिंत लिवली आहे. छपराचं कुठी आहे?"

"छपराचं नाही," ओव्हरसियर म्हणाला. तो पोट भरायला आलेला साधा माणूस होता. "फक्त भिंत."

"मंग तुमचे गडी कशाले घाम गाळतीन? आमीच पाडतो भिंत."

इंदूबाईनं तिचा पदर ओढला. "याड लागलं का वं तुले? छप्पर कोन धरीन?"

"आपून."

आणि धरलं. मनकर्णाबाईसकट बावीस जण जुन्या भिंतीच्या रेषेत उभे राहिले, डोक्यावर फडक्याची चुंबळ, हात वर. उरलेल्या एकानं भिंत पाडायला घेतली तसं ओझं हळूहळू माणसांवर आलं. रुपरावासारख्यानं बांधलेलं छप्पर असतं, तर एकेक फाटा सुटा होऊन एकेकाच्या टाळक्यात बसला असता. हे विणलेलं होतं. फाटा फाट्याला सोडेना. कवेलूसकट अख्खं छप्पर किंचित करकरलं, म्हशीनं पाठ हलवावी तसं हललं, आणि बावीस डोक्यांवर सारखं बसलं. भिंत गेली, आणि धूळ खाली बसली तेव्हा छप्पर वर होतं.

चंपतरावानं समोरच्या चिंचेखाली बाज मागवली. "पाह्यतो किती वेळ धरतात," तो म्हणाला.

चार हात आत नवी भिंत उभी राहीपर्यंत धरायचं होतं. आनंदरावानं कपाळाला चिकटलेल्या कवेलूखालून हिशेब केला: खांब पुरायचे, मधे बांबूचा कुड विणायचा, लिंपायचा. तीन दिवस. "अबे, हे तर सोपं आहे," तो म्हणाला. "तीन पाळ्या लावा."

पाच वाजताच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप गेला. गिरणीची पहिली पाळी सुटली की ते लोक येऊन इथली दुसरी पाळी धरायचे, दुसरी सुटलेले इथली तिसरी. गिरणीत रात्रपाळी करणारे सकाळी झोपायच्या आधी इथं येऊन पहिली करायचे. कोष्टी आले, बौद्ध आले, फिटर आले, गिरणीच्या साहेबाचा ड्रायव्हर आला. जो तो चुंबळ घेऊन. पाळी बदलताना इंदूबाई तोंडानं गिरणीचा भोंगा वाजवी, तो एवढा हुबेहूब की पलीकडच्या गावातला एक रिटायर बॉयलरवाला डबा घेऊन घराबाहेर पडला आणि सवयीनं थेट इथंच आला. त्यालाही उभं केलं.

भोंगा झाला की नवा माणूस जुन्याच्या शेजारी उभा राहायचा, डोकं लावायचा, मगच जुना खाली वाकून निसटायचा. मनकर्णाबाई तिन्ही पाळ्यांत उभी. जेवण इंदूबाई भरवायची.

"तू बस ना वं जरा."

"जिंदगीभर उभीच तर होती," मनकर्णाबाई घास चावत म्हणाली. "तवा दुसऱ्याच्या छपराखाली."

गाव बघायला लोटलं. पहिल्या दिवशी पैज लागली की संध्याकाळपर्यंत पडेल, दुसऱ्या दिवशी पैज लावणारा मिळेना. चंपतरावाच्या बाजेशेजारी रुपराव बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बसल्या जागी चुळबुळायला लागला. त्याच्यासमोर गिरणीवाले खांब पुरत होते, आणि खांब असे तिरपे पुरत होते की सुताराला बघवू नये. शेवटी तो उठलाच.

"कुठी चालला बे?" चंपतराव गरजला.

"खांब वाकडा पुरून राहिले ना थे लोक!"

"पुरू दे! पडू दे!"

"तुमी नाई समजत सरपंच. वाकडा खांब मले झोपू देत नाई." आणि तो गेला. ओळंबा लावून त्यानं सगळे खांब उपटून पुन्हा पुरले. मग मान वर करून विणलेलं छप्पर बराच वेळ खालून पाहिलं. "साली गंमतच केली राव," असं स्वतःशीच म्हणाला, आणि एका थकलेल्या फिटरला बाजूला सारून स्वतः डोकं लावलं.

जुन्या घराला रस्त्याकडे दार नव्हतं. मालगुजाराला रस्त्यावरची तोंडं पाहायची नसत. येणं-जाणं मागच्या बाजूनं, वाळक्या बगीच्यातून. तिसऱ्या दिवशी कुड लिंपायला घेतला, तेव्हा चंपतराव बाजेवरून उठून आला. दोन रात्रींच्या जागरणानं मिशा लोंबल्या होत्या.

"ठीक आहे बाई. राहा. मी हरकत घेत नाई. फक्त एक करजो, जानं-येनं मागूनच ठेवजो. रस्त्यानं देवाची पालखी जाते, चार मोठे लोक जातात."

छपराखाली बावीस माणसं हात वर करून उभी होती. मनकर्णाबाईनं चुंबळ सावरली.

"रुपराव," ती म्हणाली, "ह्या कुडात मधोमध दार काढता येते का रे?"

"किती रुंद?"

"पालखी आत येईन एवढं."

रुपरावानं चंपतरावाकडे पाहिलं, मग हातातल्या करवतीकडे. "दोन फळ्यांचं करू," तो म्हणाला. "एका फळीत शोभत नाई."

दार बसलं. ओझं खांबांवर आलं, आणि आनंदरावानं पाळी सुटल्याचं सांगितलं. पण माणसांचे हात खाली येईनात. तिसऱ्या पाळीचे लोक हात वर घेऊनच एस.टी.त बसले, उमरेड रोडनं जाताना प्रत्येक गावाला वाटलं, मोर्चा चालला आहे, आणि निदान तीन गावांतून माणसं धावत येऊन सामील झाली. ओव्हरसियरनं नवी भिंत मोजली. बरोबर चार हात आत. भिंतीबाहेर राहिलेल्या छपराची चार हात सावली मात्र रस्त्यावरच पडत होती. त्यानं कागद उलटासुलटा पाहिला, सावलीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. त्यानं शेरा मारला आणि मनकर्णाबाईकडे चहा पिऊन गेला.

त्या सावलीत आता ती सकाळी पाट टाकून बसते. डाळ निवडते. रस्ता गावात जायचा तो एकच. चंपतराव शेताला निघाला की ती खणखणीत आवाजात म्हणते, "जय भीम, चंपतराव!"

पहिल्या दिवशी तो खोकला. दुसऱ्या दिवशी त्यानं आभाळाकडे पाहिलं, ढग नसताना. पुढं त्यानं शेतांच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं जाऊन पाहिलं, पण धोतराला चिखल लागतो. आता तो रस्त्यानंच येतो, आणि चिंचेपासूनच खोकायला लागतो. गावातल्या बाया त्या खोकल्यावर चुलीवर चहा ठेवतात. मनकर्णाबाई डाळीतला खडा बाजूला टाकते, मान वर करते, आणि तो अगदी दारासमोर येईपर्यंत थांबते.