चौथी हाक

"चार वाजता आमच्या क्रांतीला बघायला येनार हायत, दत्ताराम. अलिबागची मानसं. माझं नाव आलं की तेवढं जोरात पुकार. हितं उभं ऱ्हायला जागा न्हाय, मी बदामाखाली बसतो. तुझी हाक तिथवर येतेच."

शेजारच्या भावेशकडे बघून दत्तारामनं मान हलवली. तालुक्याच्या कोर्टात शिपाई म्हणून त्याची सव्वीस वर्षं झाली होती. आज ट्रॅफिकच्या खटल्यांचा दिवस. हेल्मेट न घालणारे, लायसन नसलेले, रिक्षात माणसं कोंबणारे, सगळे एकाच व्हरांड्यात घाम पुसत उभे होते. पर्यटकांच्या हौसेखातर भावेश चवरकरनं जीप किनाऱ्यावरच्या वाळूत घातली होती, म्हणून त्यालाही आज बोलावणं होतं.

तो बदामाकडे निघाला तेवढ्यात हेडक्लार्क स्वतः खुर्चीतून उठून बाहेर आले आणि 'भावेशशेठ' म्हणत शनिवारी खोली मिळेल का विचारू लागले. दत्तारामला ते गेली आठ वर्षं 'ए दत्ता' म्हणत आले होते.

दत्तारामच्या पोटात दुखू लागलं. हे दुखणं जुनंच. दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण काय ते होतं. भावेशच्या घरावर स्लॅब पडला तेव्हा ते दुखलं, मुंबईची माणसं त्याच्याकडे राहायला येऊ लागली तेव्हा दुखलं. आणि आता क्रांतीला अलिबागचं स्थळ. दत्तारामची नूतन तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला पाहून गेलेल्यांपैकी एकानंही उलट निरोप धाडला नव्हता. सकाळी भाकरी थापताना त्याची बायको सखू म्हणाली होती, "त्यांच्या पोरीचं हातासरशी जमनार बगा. आपलीच मेली..."

खरं तर नोकरी लागली तेव्हा गाव दत्तारामचा हेवा करायचं. या जागेसाठी तो आणि भावेश एकाच दिवशी आले होते. तेव्हाच्या साहेबांनी दोघांना दारात उभं करून फाटकापर्यंत हाक द्यायला लावली. भावेश आगरदांड्याच्या धक्क्यावर लाँचसाठी माणसं बोलावायचा, त्याची हाक पार पलीकडच्या काठावर जायची. पण नेमका त्या दिवशी त्याचा घसा बसला. दत्तारामचा बाप तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. नोकरी दत्तारामला लागली आणि पेढे गावभर भावेशनंच वाटले.

बाराच्या सुमारास चवरकरांचा नंबर आला. दत्ताराम दारात गेला. बदामाखाली भावेश पाठमोरा बसून कुणाशी तरी फोनवर हसत बोलत होता. हाक देण्याआधी दत्ताराम नेहमी छाती भरून घ्यायचा. आज त्यानं ती भरली नाही.

"भावेश पांडुरंग चवरकर, हाजिर."

शेजारी बसलेल्याकडे चुना मागावा तशा आवाजात त्यानं तीन वेळा पुकारलं. रिवाज तीन हाकांचा होता. त्या किती मोठ्यानं द्यायच्या, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. आत येऊन त्यानं आरोपी गैरहजर असल्याचं सांगितलं. साहेबांनी वॉरंट काढायला सांगितलं, कोपऱ्यातल्या हवालदारानं नाव टिपून घेतलं. हा हवालदार वॉरंट घेऊन आजच गावात जाणार होता, म्हणजे पाहुण्यांच्या देखत तो चवरकरांच्या अंगणात उभा राहिला असता. दत्तारामला बरं वाटलं. स्वतःपासून त्यानं ते लपवलंही नाही.

आणखी दोन नावं झाली आणि कुणीतरी सांगितल्यावर भावेश धावतपळत आत आला. तोंड उतरलेलं, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. वकिलानं घाईघाईनं अर्ज लिहिला. साहेब चिडलेच होते. पुकारलं तेव्हा कुठं होता, असं त्यांनी विचारलं. आपण लांब बसलो होतो, चूक आपलीच, असं भावेश म्हणाला. साहेबांनी दत्तारामकडे पाहिलं.

"हाक दिली होती ना?"

"तीन वेळा, साहेब."

"दिली आसल, साहेब," भावेश म्हणाला. "ह्यो हाक चुकवनारा न्हाय."

वॉरंट रद्द झालं. भावेशनं गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि दोनच्या आत तो मोकळा झाला. जाताना तो दारापाशी थांबला आणि त्यानं दत्तारामकडे नीट पाहिलं.

"घसा बसला काय रे?"

दत्ताराम हातातली नावांची यादी चाळू लागला.

"बसतो कदी कदी," भावेश म्हणाला. "बरं, नूतनला जरा लवकर पाठव. क्रांतीला साडी तिच्याच हातची लागते."

आणि तो गेला. नोकरीच्या त्या दिवशी भावेशचा घसा खरोखरच बसला होता का, हे दत्तारामनं सव्वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नव्हती.

आतून पुढचं नाव आलं, अब्दुस्समद याकूब उलडे. तो कधीच कुवेतला गेलाय, उगाच कशाला ओरडतोस, असं हवालदार म्हणाला. दत्ताराम दारात गेला. त्यानं छाती भरून घेतली आणि तीन हाका दिल्या. व्हरांड्यातली माणसं दचकून बघू लागली. बदामाखाली आता कुणीच नव्हतं.

मग तो पायऱ्या उतरला, उन्हातून फाटकापर्यंत गेला आणि तिथून त्यानं त्याच नावाची चौथी हाक दिली. थोडा वेळ तो तसाच वाट पाहत उभा राहिला.