शेजाऱ्याची गाठ

"बाबा, हळू. गोळा सोडायची घाई नाही करायची," नैना म्हणाली.

अतुलने ब्रेक आवळला. बोटीच्या मागच्या कठड्यावर एक चक्र, त्याला पोलादी तार आणि तारेच्या टोकाला सहा किलोचा शिशाचा गोळा. याला म्हणे डाउनरिगर. सॅमन राहतो शंभर फूट खाली, तेव्हा गळाचा दोर चिमट्याने तारेला अडकवायचा आणि गोळ्यासोबत खाली पाठवायचा. मासा लागला की दोर चिमट्यातून सुटतो. जन्मभर टेक्ससच्या तेलविहिरींत पाइप सोडलेल्या माणसाला यात अवघड ते काय? तरी लेकीने तासाभरात तीनदा झापलं होतं. बरंच झालं म्हणा. सहा वर्षं पोरगी सिअ‍ॅटलला बोट चालवतेय, लोकांना सॅमन पकडायला घेऊन जातेय, आणि हा बाप आज पहिल्यांदा तिच्या बोटीवर पाय ठेवत होता. तोही आठवडाभर आढेवेढे घेऊन.

तिने बोट घेतली तेव्हा हाच टेक्ससमधल्या शुगर लँडहून फोनवर कडाडला होता, "मास्टर्स करून मासे पकडणार? आपल्या सात पिढ्यांत कुणी केलं नाही हे."

सात पिढ्या! अहो, सातच्या सात पिढ्या वैनगंगेवर जाळं टाकण्यात गेल्या होत्या. अतुलचे वडील, रामभाऊ, म्हणजे भंडाऱ्याकडचे नावाजलेले ढीवर. गढूळ पाण्याकडे बघून मासा कुठे दडलाय ते सांगायचे. पण अतुल शिकला, अमेरिकेत आला, आणि महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं, वडील काय करतात, तर याच्या तोंडून निघून गेलं, "शिक्षक होते." झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे ती उघडायची हिंमतच झाली नाही. बायकोला सगळं ठाऊक होतं, पण तिनेही मूग गिळले.

नैना चौदा वर्षांची असताना रामभाऊ तीन महिने शुगर लँडला येऊन राहिले. विमानतळावरून घरी येतानाच अतुलने बजावलं, "बाबा, नदीचं काही काढू नका कुणापुढे." मंडळातले लोक मास्तर म्हणून पाया पडायचे, आणि चौथी शिकलेला तो माणूस पाय मागे ओढून घ्यायचा. अतुलला ते दिसायचं. दिसूनही तो दुसरीकडे बघायचा.

"आता फ्लॅशर," नैना म्हणाली. हातभर लांब चकचकीत पट्टी होती ती. पाण्यात गरगर फिरते आणि सॅमनला वाटतं, तिथे माशांची झुंबड उडालीय. तिच्यामागे साडेतीन फूट नायलॉनची दोरी, आणि दोरीला गळ. "तू धर, मी बांधते. अरे, थांब, फेरीबोट येतेय." ती स्टिअरिंगकडे धावली.

दोरी आणि गळ अतुलच्या हातात राहिले. पंचेचाळीस वर्षांत त्याने गळाला बोट लावलं नव्हतं. पण हात कुठे विचारतात? दोरीचं टोक तोंडात ओलं झालं, पाच वेढे पडले, शेवटचा उलटा, मग दातांनी ओढून घट्ट. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात, ते काय उगाच?

नैना परत आली आणि गळाकडे बघतच राहिली.

"वेट. ही तर शेजाऱ्याची गाठ."

"कुणाची?"

"आजोबांनी शिकवलेली, गॅरेजमध्ये. त्यांचा एक शेजारी होता ना गावाला, मासेमारीत एकदम मास्टर. त्याचं बघून शिकलो म्हणायचे. मी सगळे गळ असेच बांधते, यार. कस्टमर्सना पण शिकवते." ती हसली. "नाव विचारलं मी त्या शेजाऱ्याचं. तर म्हणाले, विसरलो. तुलाही त्यानेच शिकवलं?"

लेकाच्या खोट्याला धक्का लागू नये म्हणून म्हाताऱ्याने स्वतःचंच नाव विसरल्याचं सांगितलं होतं. आता नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. बोलायला मोठं काही लागलं नसतं.

"शेजारी कुणी नव्हता, नैना. ते स्वतःच होते. आपलं घर ढीवरांचं. मास्तर मी बनवलं त्यांना. मला लाज वाटायची."

तिने मोटर हळू केली, पाण्यातल्या तारेकडे बघत उभी राहिली. डोळे भरले होते, पण ती पुसत नव्हती.

"मी बोटीचा फोटो पाठवला होता," ती म्हणाली. "आजोबांना दाखव म्हणून. दाखवलास ना?"

रामभाऊंना जाऊन तीन वर्षं झाली. शेवटी शेवटी फोनवर ऐकू यायचं नाही त्यांना, नैनाचे निरोप अतुलच गावी जाऊन सांगायचा.

"नाही. मी सांगितलं, तू बँकेत आहेस."

"मग? काय म्हणाले ते?"

"विचारत होते, बँकेत गाठी मारायचं काम पडतं का तिला."

तेव्हा त्याला वाटलं होतं, म्हातारपणी काहीतरी बरळतायत. त्याने उत्तरसुद्धा दिलं नव्हतं.