डोलीतले दुसरे ओझे

मित्रांनो, मी एक जुनी डोली आहे. लग्नातल्या पालखीसारखी नटलेली नव्हे. एक जाड बांबू आणि त्याच्या दोन्ही टोकांना गाठ मारून बांधलेली वाकळ, एवढेच माझे रूप. नाशिक जिल्ह्यात पेठच्या डोंगरात आमचा पाडा आहे. तिथवर गाडी येत नाही. म्हणून आजारी माणसाला माझ्यात बसवून खाली डांबरी रस्त्यापर्यंत नेतात.

मला सहादूने बनवले. त्याने बांबू विस्तवावर शेकून सरळ केला, त्याच्या बायकोने वाकळ शिवली. अडलेल्या बाळंतिणींना मी वेळेवर पोचवत असे, तेव्हा माझे फार कौतुक व्हायचे. पुढे मात्र माझ्यातून गेलेली काही माणसे परत आलीच नाहीत आणि पाड्यात कुजबुज सुरू झाली. मला गोठ्याच्या आढ्याला टांगले. बायका माझ्याखालून जाताना पदर सावरून पावले उचलत.

परत न आलेल्यांतला यादव हा शेवटचा. ऐन पावसाळ्यात त्याला धाप लागली आणि वाटेतल्या ओहळाला पूर होता. माणसांनी मला काठच्या खडकावर टेकवले व पाणी ओसरायची वाट पाहिली. पाणी ओसरले तेव्हा यादव गार पडला होता. मित्रांनो, त्याचा शेवटचा श्वास माझ्या वाकळीत गेला.

नंतर विधानसभेच्या मतदानाचा दिवस आला. यादवची बायको भागीबाई हिचे गुडघे कामातून गेलेले. ती नातवाला म्हणाली, "नवनाथ, डोली काढ. मत द्यायला जायाचं हाय."

"आजी, त्या डोलीत नको. लोक काय बोलतात, म्हाईत हाय ना?"

"हाय म्हाईत. ओहळावर पूल व्हावा म्हणून तुझा आजा दर खेपेला मत द्यायचा. आता त्याचं राह्यलं. माझं नाय राहू देनार."

नवनाथ आणि शेजारचा धनराज यांनी मला खांद्यावर घेतले. दाट धुके होते. भागीबाईचे वजन ते काय, वाळल्या पेंढीएवढे! ओहळात घोट्याएवढेच पाणी उरले होते. पण त्या खडकापाशी पोचलो आणि माझा बांबू करकरला. माझ्यात आणखी कोणीतरी बसले होते. गार, निथळते ओझे.

धनराज थबकला. "नवनाथ, जड झाली का रं?"

"चाल. बोलू नको."

भागीबाईने मागे पाहिले नाही. तिने फक्त अंग चोरून शेजारी जागा करून दिली.

मतदान शाळेत होते. व्हरांड्यातल्या दोन बाकांवर माझी टोके ठेवली. नवनाथ भागीबाईला धरून दारापर्यंत घेऊन गेला. ती उतरली तरी माझी वाकळ खाली ओढलेलीच होती. मग ती हळूहळू वर आली, जणू कोणीतरी टेकत टेकत उठले. फरशीवर ओली पावले उमटत दाराकडे गेली.

आतून अधिकारी बाईंचा आवाज आला, "आजी, आडोशामागे एकेकानेच जायचं. बरोबरच्या बाबांना बाहेर थांबू द्या."

"मॅडम, बाबा कुठले?" दारातून नवनाथ म्हणाला. "आजी एकटीच हाय."

मग यंत्राची लांबलचक शिटी ऐकू आली. एकदाच.

भागीबाई बाहेर आली तेव्हा तिच्या बोटावरची शाई अजून ओली होती. ती माझ्यात बसली. धनराजने भीत भीत खांदा दिला आणि म्हणाला, "हलकी हाय."

"त्याचं झालं," भागीबाई म्हणाली. "आता तो कशाला येतो?" आणि पाडा येईपर्यंत ती वाकळीत तोंड खुपसून रडत राहिली. यादव गेला तेव्हाही ती रडली नव्हती.

त्यानंतर मला कोणी हात लावलेला नाही. उंदीर माझी वाकळ कुरतडतात, बांबूला भुंगा लागला आहे. मित्रांनो, मला घाबरू नका. पूल अजून झालेला नाही, तोवर मी लागणारच आहे. माझ्या गाठी आवळा, वाकळीला ठिगळ लावा. आणि घरातले कोणी थकलेले माणूस मत द्यायला नेण्याचा हट्ट धरू लागले, तर त्याला 'पुढच्या वेळी' म्हणू नका. उचला आणि न्या. वाटेत खांद्यावरचा भार वाढला, तर मागे वळून पाहू नका. चालत राहा.