ठीक म्हणायचं नाही

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेली लिफ्ट तो बघता बघता चालू करेल, पण त्याच्या तोंडून एक अख्खं वाक्य काढायचं म्हणजे माझी दमछाक. काहीही विचारा, उत्तर एकच. भाजी कशी झालीय? ठीक. डॉक्टर काय म्हणाले? ठीक. लग्नाआधी त्याच्या आईने "मुलगी कशी वाटली?" विचारलं, तेव्हाही तो "ठीक" एवढंच म्हणाला होता. हे सासूबाईंनी मला परवा-परवा सांगितलं, तेही हसत हसत.

दर नवीन वर्षाला आम्ही दोघंही संकल्प करायचो. त्याचा पोट कमी करण्याचा, माझा चिडचिड कमी करण्याचा. महिनाभरात पोट जागच्या जागी आणि चिडचिड दुप्पट. पन्नाशी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मी म्हटलं, "आपलं आपण ठरवून काही होत नाही. या वर्षी तुझा संकल्प मी ठरवते, माझा तू ठरव."

"ठीक," तो म्हणाला.

"झालं तर मग! वर्षभर हा शब्द काढायचा नाही. कसं वाटतंय विचारलं, की खरंखुरं सांगायचं."

तो इस्त्रीची वायर जोडत होता. ती पुरती जोडून झाल्यावर म्हणाला, "तू आठवड्यातून एक संध्याकाळ घरी यायचं नाही. भाजी आणायला नाही, कुणाला बघायला दवाखान्यात नाही. उगाच बाहेर."

मला लागलंच ते. "म्हणजे मी नकोशी झालेय का घरात?"

"तसं नाही गं. तू दुकानातून येतेस आणि पर्स खांद्यावर असतानाच गॅस पेटवतेस. ते बघवत नाही मला."

एवढं मोठं भाषण मी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. मी गुपचूप कबूल झाले. वार ठरला गुरुवार.

पहिल्या गुरुवारी मी चष्म्याच्या दुकानातून निघाले आणि बसस्टॉपवर नुसती बसून राहिले. न राहवून घरी फोन केला. "आई, गोळी घेतलीत?"

"घेतली," सासूबाई म्हणाल्या. "आणि आता परत फोन केलास, तर मी उचलणार नाही."

पुढच्या गुरुवारी भटकताना वाचनालयामागे सुतारकामाचा वर्ग दिसला. आयुष्यभर चष्म्याचे मुंगीएवढे स्क्रू फिरवून डोळे शिणले होते. इथे चांगला बोटाएवढा स्क्रू पिळायला मिळत होता. मी तिथल्या तिथे नाव घातलं.

घरी मात्र माझा डाव माझ्यावरच उलटला. "भाजी कशी झालीय?" विचारलं, तर हा घास चावत विचार करायचा आणि म्हणायचा, "मीठ कमी आहे. परवा जास्त होतं." इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. सासूबाई खूश. "अगं, याला बोलता येतं की!"

मग एक दिवस तो पडलेल्या चेहऱ्याने घरी आला. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पाठवताना साहेबांनी नेहमीसारखं विचारलं होतं, "गुडघा कसा आहे?" शब्द ओठांवर आला, तो याने गिळला आणि खरं सांगून टाकलं. गुडघा दुखतो, जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

"मला का नाही बोललास?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू घाबरली असतीस. मग मीही घाबरलो असतो."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. आता घरी बसवतात की काय, ही धाकधूक दोघांनाही होती. डॉक्टरांनी व्यायाम लावून दिला आणि साहेबांनी त्याला जिन्यांवरून काढून फोनवर बसवलं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं, की दुरुस्तीचा माणूस पोचेपर्यंत त्या अडकलेल्याशी बोलत राहायचं. बोलत राहायचं, आणि कुणी, तर आमच्या या मौनीबाबाने! मला हसू आवरेना.

एका गुरुवारी वर्गाला सुट्टी होती. सासूबाईंचा शेजारच्या आजींबरोबर पत्त्यांचा डाव रंगलेला असणार, म्हणून मी त्याच्या ऑफिसात गेले. तो पाठमोरा फोनवर होता.

"घाबरू नका, आमचा माणूस निघालाय. मी आहे इथे... हो, लिफ्ट बंद पडली की भीती वाटतेच. मलाही वाटायची सुरुवातीला... काय सांगू तुम्हाला? बरं, माझ्या बायकोने स्टूल केलंय. स्वतः, लाकडाचं. तीन पाय टेकतात, चौथा हवेत. मी रोज त्याच्यावरच बसून चहा पितो. एकदा सांडला, पण तिला सांगू नका."

फोनच्या स्पीकरवर पलीकडचा माणूस हसल्याचं मला दारातून ऐकू आलं. थोड्या वेळाने फोन ठेवून तो वळला आणि मला बघून कानापर्यंत लाल झाला.

"सुटला बिचारा," तो म्हणाला. "तू इथे कशी?"

"उगाच. तुझं आवरलं असेल तर चल, कुठेतरी जाऊन खाऊ या."

त्याने सहकाऱ्याला सांगून जॅकेट उचललं. बाहेर हवा छान होती. त्याच्या गुडघ्याच्या बेताने आम्ही सावकाश चालत निघालो, आणि कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तो एकटाच बोलत होता.